स्थान, भूमिका आणि संबोधन : स्क्वेअर डान्समधील लिंगनिरपेक्ष शब्दांचा विचार

१

लोकनृत्याची चर्चा करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः पदन्यास, वेश, वाद्ये आणि गीत ह्या चार अंगांकडे जाते. नाचणाऱ्याला उद्देशून जो शब्द उच्चारला जातो, त्यालाही नृत्याचे अंग मानावे असे सहसा कोणास वाटत नाही. कारण बहुतेक लोकनृत्यांत असा शब्द नसतोच. नाच पाठ असतो, वाद्य चालू असते आणि पुढचे पाऊल शेजाऱ्याकडे पाहून कळते. अमेरिकेतील स्क्वेअर डान्स मात्र ह्या बाबतीत निराळा आहे. तेथे एक मनुष्य ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून पुढची हालचाल सांगत असतो, आणि ती ऐकताक्षणी करावयाची असते. पुढे काय येणार हे नाचणाऱ्यास आधी ठाऊक नसते. अशा नृत्यात शब्द हा नृत्याचा अलंकार नव्हे, तो नृत्याचा आधार होय.

ह्या सांगणाऱ्यास इंग्रजीत 'कॉलर' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास 'पुकारक' आणि त्याच्या आज्ञेस 'पुकारा' असे म्हटले आहे. पुकाऱ्यात दोन घटक असतात : काय करावयाचे ते सांगणारा आणि कोणी करावयाचे ते सांगणारा. ह्यांपैकी दुसरा घटक गेल्या सुमारे चाळीस वर्षांत वादाचा विषय झाला आहे. 'पुरुषांनी मध्ये यावे', 'स्त्रियांनी साखळी करावी' ह्या प्रकारच्या पुकाऱ्यांतील 'पुरुष' आणि 'स्त्री' हे शब्द काढून त्यांच्या जागी लिंगनिरपेक्ष शब्द योजावेत, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. तर असे केल्याने परंपरेस बाध येतो आणि नृत्याचा अर्थच नाहीसा होतो, असे दुसऱ्याचे.

ह्या वादाकडे बहुधा शिष्टाचाराचा किंवा राजकारणाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. आमच्या मते तो प्रथमतः भाषेचा प्रश्न आहे. भूमिकावाचक शब्दाचे नृत्यातील कार्य कोणते, हे निश्चित केल्यावाचून जुना शब्द राखावा की नवा घ्यावा ह्याचा निर्णय करता येणार नाही. ते कार्य निश्चित करणे आणि त्या कसोटीवर प्रचलित पर्यायांची परीक्षा करणे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

२

आपल्याकडील वाचकास हे नृत्य परिचयाचे असण्याचा संभव थोडा; म्हणून त्याची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. चार जोड्या एका चौकोनाच्या चार बाजूंवर, मध्याकडे तोंड करून उभ्या राहतात. पुकारकाकडे जिची पाठ ती पहिली जोडी. तिच्या उजवीकडून पुढे दुसरी, तिसरी व चौथी. पहिली आणि तिसरी जोडी मिळून 'हेड्स', दुसरी आणि चौथी मिळून 'साइड्स'. प्रत्येक जोडीत डावीकडे पुरुष व उजवीकडे स्त्री असा संकेत आहे. आपल्याबरोबर उभा असतो तो 'पार्टनर', आणि दुसऱ्या बाजूस जवळ असतो तो 'कॉर्नर'.

एवढ्या वर्णनातही एक गोष्ट ध्यानात येण्यासारखी आहे. हेड्स, साइड्स, पार्टनर, कॉर्नर ह्या चारही शब्दांत लिंगाचा उल्लेख नाही. हे शब्द व्यक्तीचे नव्हेत, संबंधाचे आणि स्थानाचे वाचक आहेत. म्हणजे लिंगनिरपेक्ष शब्दांनी हे नृत्य चालविता येणार नाही, हा आक्षेप प्रथमदर्शनीच लंगडा पडतो. त्याचा अर्धाअधिक कारभार आजवर अशाच शब्दांनी चालला आहे. प्रश्न उरतो तो जोडीतील दोघांस एकमेकांपासून वेगळे ओळखण्याचा.

स्क्वेअर डान्सचे भावंड म्हणजे काँट्रा डान्स. त्यात दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात. दोन-दोन जोड्या मिळून चौसष्ट ठोक्यांची एक आकृती नाचतात आणि ती पुरी होताच प्रत्येक जोडी पुढे सरकून नव्या जोडीस भेटते. तीच आकृती पुनःपुन्हा येत असल्याने काही आवर्तनांनंतर पुकारक गप्प बसू शकतो. स्क्वेअर डान्समध्ये त्याला ही सवलत नाही. दोहोंतील हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

३

परंपरेचा आधार घेऊन बोलणाऱ्यांनी परंपरा नीट पाहिली पाहिजे. ह्या नृत्यकुळाचा आद्य मुद्रित ग्रंथ म्हणजे जॉन प्लेफर्ड याने लंडन येथे १६५१ साली प्रसिद्ध केलेला 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर'. त्यात प्रत्येक नृत्याच्या आरंभी नाचणाऱ्यांच्या जागा दाखविणारी आकृती आहे. पुरुषाच्या जागेस चंद्रकोर आणि स्त्रीच्या जागेस सूर्यबिंब अशी चिन्हे त्याने योजिली आहेत. सूर्य व चंद्र हे दोन्ही शब्द ज्या भाषेत पुंलिंगी आहेत, त्या भाषेच्या वाचकास ही योजना विनोदी वाटेल. पण तिच्यातून एक तत्त्व निघते : कागदावर नृत्य उतरविताना दोन भिन्न खुणांची गरज असते; कोणती खूण कोणास द्यावी हे केवळ संकेताने ठरते. सूर्य आणि चंद्र ह्यांची अदलाबदल केली असती तरी नृत्यात यत्किंचितही फरक पडला नसता.

प्लेफर्डच्या काळी नृत्य पाठ करून नाचावयाचे असे. पुकारक हा अमेरिकेने घातलेली भर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात, विशेषतः नृत्यासाठी वाद्ये वाजविणाऱ्या कृष्णवर्णीय वादकांनी ही प्रथा पाडली, असे फिल जेमिसन यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे. ह्या बदलाचा भाषिक परिणाम मोठा झाला. जो शब्द पुस्तकात केवळ वर्णनाचा होता, तो आता हाकेचा झाला. 'पुरुष उजवीकडे वळतो' हे वर्णन. 'पुरुषांनो, उजवीकडे वळा' ही हाक. वर्णन चुकीचे असले तरी वाचणारा ते मनातल्या मनात दुरुस्त करतो. हाक मात्र कोणावर तरी जाऊन पडते.

पण हाक ज्यास मारली तो खरोखर पुरुष असे काय? नेहमी नव्हे. १८४९ नंतर सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात लोटलेल्या माणसांच्या वसाहतींत स्त्रियांची संख्या अगदी तुटपुंजी होती. तेथे पुरुष पुरुषांबरोबर नाचत, आणि ज्याने स्त्रीची जागा घ्यावयाची त्याच्या दंडास रुमाल बांधीत. उलट बाजूने पाहता, १९११ मध्ये सेसिल शार्प यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इंग्लिश फोक डान्स सोसायटीच्या वर्गांत स्त्रियांचा भरणा मोठा असे. एल्सी ऑक्सनहॅम ह्या लेखिकेच्या मुलींसाठी लिहिलेल्या कथांत त्या काळच्या ह्या नृत्यवेडाचे चित्र सापडते. तेथे मुली मुलींबरोबर जोड्या लावून नाचतात आणि त्यांतील एक 'पुरुष' होते. ह्यात कोणासही काही अनुचित वाटल्याचे दिसत नाही. 'पुरुष' हा शब्द अशा प्रसंगी देहाचा वाचक नसून डाव्या जागेचा वाचक होता, हे सर्वांस कळत होते.

परंपरेच्या शब्दकोशातच ह्याची साक्ष आहे. काँट्रा डान्समध्ये सर्व पुरुष एका रांगेत आणि सर्व स्त्रिया दुसऱ्या रांगेत असल्या तर त्या मांडणीस 'प्रॉपर' म्हणतात. एकाआड एक जोडीने आपसांत जागा बदलल्या तर तिला 'इंप्रॉपर' म्हणतात. आज नाचली जाणारी बहुसंख्य काँट्रा नृत्ये ह्या दुसऱ्या प्रकारची आहेत. 'अयोग्य' हे नाव धारण करणारी मांडणीच सर्वसामान्य झाली, आणि नावातील निषेधाकडे कोणाचे लक्षही उरले नाही. शब्दाचा मूळ अर्थ झिजून केवळ पारिभाषिक अर्थ राहण्याचे ह्याहून चांगले उदाहरण शोधावयास नको.

४

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, 'पुरुष' आणि 'स्त्री' हे शब्द जर झिजून निव्वळ खुणा झाले असतील, तर ते बदलण्याचे प्रयोजनच उरत नाही. हा युक्तिवाद सबळ आहे. त्याचा विचार पुढे करू. तत्पूर्वी ह्या शब्दांकडून नृत्य जे काम करून घेते, त्याचे पृथक्करण केले पाहिजे. कारण ते काम एक नसून दोन आहेत.

पहिले काम तात्कालिक स्थान सांगण्याचे. ह्या क्षणी जोडीत डावीकडे कोण आहे आणि उजवीकडे कोण, एवढेच जेथे कळावयास हवे, तेथे व्यक्तीची पूर्वपीठिका अप्रस्तुत असते. स्क्वेअर डान्सच्या प्रगत परिभाषेत ह्यासाठी दोन शब्द आहेत : डावीकडील नर्तकास 'बो' आणि उजवीकडील नर्तकास 'बेल'. हे शब्द मूळचे फ्रेंच असून पहिला पुंलिंगी व दुसरा स्त्रीलिंगी आहे. तरीही नृत्यात त्यांचा अर्थ संपूर्णपणे स्थानवाचक आहे. पुरुष उजवीकडे आला की तो 'बेल' होतो, पुन्हा डावीकडे गेला की 'बो'. ज्यांनी ही परिभाषा स्वीकारली त्यांनी लिंग आणि स्थान ह्यांची फारकत आधीच मान्य केली, असेच म्हटले पाहिजे.

दुसरे काम स्थायी भूमिका सांगण्याचे. नृत्यात जागा सतत बदलत असतात. 'हाफ सॅशे' ह्या हालचालीत जोडीतील दोघे आपापल्या जागा बदलतात. त्यानंतर पुरुष उजवीकडे व स्त्री डावीकडे येते. पण त्यामुळे पुरुषाची स्त्री होत नाही. 'स्लाइड थ्रू' ह्या पुकाऱ्यात समोरासमोरचे नर्तक एकमेकांना ओलांडून जातात. मग पुरुष उजवीकडे पाव वळण घेतो आणि स्त्री डावीकडे. येथे कोणत्या दिशेस वळावे हे नर्तक ह्या क्षणी कोठे आहे यावरून ठरत नाही; नृत्यारंभी त्याने कोणती भूमिका पत्करली यावरून ठरते. 'स्टार थ्रू' ह्या पुकाऱ्यात तर एकाने उजवा हात व दुसऱ्याने डावा हात द्यावयाचा असतो. कोणाचा कोणता, हेही भूमिकेवरूनच. म्हणजे नर्तकास नृत्यभर स्वतःविषयी एक गोष्ट स्मरणात ठेवावी लागते, आणि पुकारकास ती एका शब्दात पुकारता यावी लागते.

स्थायी नाम आणि तात्कालिक नाम ह्यांतील हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे ह्या वादात पुष्कळ गोंधळ माजला आहे. 'डावे-उजवे म्हटले की झाले, नवीन शब्द हवेत कशाला?' असे काही सुधारक म्हणतात. त्यांना पहिले काम दिसते, दुसरे दिसत नाही. 'पुरुष-स्त्री हे भेद नृत्याच्या मुळाशीच आहेत' असे त्यांचे विरोधक म्हणतात. त्यांना दुसरे काम दिसते. परंतु त्या कामासाठी दोन भिन्न नावे पुरेशी आहेत, ती नावे लिंगाचीच असण्याचे कारण नाही, हे दिसत नाही.

ह्या दोहोंवर तिसरी अट कानाची. ह्या नृत्याची लय मिनिटास सुमारे १२० ठोक्यांची असते. म्हणजे एका पावलास अर्धा सेकंद. एवढ्या अवकाशात शब्द ऐकू यावा, दुसऱ्यापासून वेगळा ऐकू यावा आणि तो आपल्यासाठी आहे की नाही हे विचार न करता कळावे लागते. इंग्रजीत 'जेंट्स' हा शब्द एकाक्षरी आणि 'लेडीज' हा द्व्यक्षरी आहे; त्यांचे आरंभीचे व्यंजन निराळे, स्वर निराळा, वजन निराळे. केवळ श्राव्य खुणा म्हणून पाहिले तर ही जोडी उत्तम आहे, हे कबूल करावयास हवे. नव्या शब्दांची स्पर्धा ह्या गुणाशी आहे.

५

आता पर्यायांची परीक्षा करू.

पहिला पर्याय म्हणजे जुनेच शब्द राखून त्यांचा अर्थ बदलणे. १९८३ साली स्थापन झालेल्या समलिंगी स्क्वेअर डान्स मंडळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परिवारात ही पद्धत रूढ झाली. तेथे 'बॉइज' आणि 'गर्ल्स' हे शब्द पुकारले जात. पण कोणता नर्तक कोणती भूमिका घेईल ह्यावर देहाचे बंधन नसे. ज्यांच्यासाठी सुधारणा करावयाची त्यांनीच जुने शब्द ठेविले, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. ह्याचा मोठा लाभ असा की, असा नर्तक जगातील कोणत्याही मंडळात जाऊन नाचू शकतो. कारण जर्मनीपासून जपानपर्यंत स्क्वेअर डान्सचे पुकारे इंग्रजीतच दिले जातात आणि त्यांची परिभाषा एक आहे. शब्द झिजवून निरुपद्रवी करण्याचा हा मार्ग भाषेच्या स्वभावास धरून आहे. परंतु तो झिजविण्याचे श्रम ज्या समूहाने एकत्र घेतले, त्याच्यापुरताच तो यशस्वी होतो. दारातून नव्याने आत आलेल्या मनुष्यास शब्दाचा झिजलेला अर्थ ठाऊक नसतो. त्याला ऐकू येतो तो कोशातला.

दुसरा पर्याय 'बँड्स' आणि 'बेअर्स' ह्यांचा. बोस्टनच्या परिसरातील लिंगनिरपेक्ष काँट्रा नृत्यांत तो प्रचलित झाला. ज्याने पूर्वीच्या पुरुषाची भूमिका घ्यावयाची त्याने दंडावर पट्टी बांधावी, दुसऱ्याचा दंड मोकळा; पट्टीवाले ते 'बँड्स' आणि मोकळ्या दंडाचे ते 'बेअर्स'. खाणवस्तीतील रुमाल स्त्रीची भूमिका दाखवी, बोस्टनमधील पट्टी पुरुषाची. खुणेचा यादृच्छिकपणा ह्याहून स्पष्ट कसा व्हावा! ह्या पर्यायाचा गुण असा की, भूमिका डोळ्यांना दिसते; समोरून येणारा नर्तक कोण आहे हे नवख्यास तत्काळ कळते. दोष कानाचा : दोन्ही शब्द एकाक्षरी, दोहोंचा आरंभ एकाच व्यंजनाने. गर्दीच्या सभागृहात, वाद्यांच्या गजरात हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात.

तिसरा पर्याय 'लीड' आणि 'फॉलो', म्हणजे नेता आणि अनुयायी. जोडीच्या नृत्यांतून, विशेषतः टँगो व स्विंग ह्यांतून, तो उसना घेतलेला आहे. श्रवणाच्या दृष्टीने त्यात खोट नाही. पण अर्थाच्या दृष्टीने तो ह्या नृत्यास लागू पडत नाही. टँगोमध्ये एक नर्तक पुढची हालचाल सुचवितो आणि दुसरा तिला प्रतिसाद देतो. तेथे ही नावे वस्तुस्थितीची निदर्शक आहेत. स्क्वेअर किंवा काँट्रा डान्समध्ये दोघेही पुकारकाचे ऐकतात. जेथे नेतृत्व नाही तेथे नेतृत्वाचे नाव दिल्याने जुन्या शब्दांत जी उच्चनीचता केवळ सूचित होती ती उघड होते. लिंग गेले आणि अधिकार राहिला, असा हा व्यवहार झाला.

चौथा पर्याय 'जेट्स' आणि 'रूबीज'. पहिला शब्द 'जेंट्स'च्या जवळचा, दुसऱ्यात 'लेडीज'प्रमाणे दोन अक्षरे व शेवट सारखा. पुकारकाच्या जिभेस आणि नर्तकाच्या कानास कमीत कमी त्रास पडावा, ही त्यामागील दृष्टी व्यवहारचतुर आहे. पण ज्या शब्दास हटवावयाचे त्याचाच प्रतिध्वनी नव्या शब्दात राखल्याने जुना शब्द स्मृतीतून जात नाही. उलट प्रत्येक पुकाऱ्यास त्याची आठवण होते. 

पाचवा पर्याय पक्ष्यांचा. 'लार्क' म्हणजे चंडोल. त्याचे आद्याक्षर इंग्रजीतील 'लेफ्ट'चे. त्याच्या जोडीस आरंभी 'रेव्हन' हा डोमकावळ्याच्या जातीचा पक्षी आला, कारण त्याचे आद्याक्षर 'राइट'चे. पुढे त्याच्या जागी 'रॉबिन' आला. २०२० मध्ये कोविडच्या साथीने नृत्ये बंद पडली, आणि ती पुन्हा सुरू झाली तेव्हा अमेरिकेतील अनेक काँट्रा मंडळांनी 'लार्क्स' आणि 'रॉबिन्स' हीच नावे स्वीकारली होती. आमच्या मते हा बदल साहित्यदृष्ट्याही योग्य होता. एडगर ॲलन पो याच्या १८४५ मधील प्रसिद्ध कवितेनंतर इंग्रजी वाचकाच्या मनात 'रेव्हन' ह्या पक्ष्याभोवती अशुभाची छाया आहे. चंडोलाच्या शेजारी तो शोभत नाही. रॉबिन हा चंडोलाप्रमाणेच गाणारा पक्षी. दोहोंत मोठा-धाकटा किंवा श्रेष्ठ-कनिष्ठ असे नाते नाही. 'लार्क्स' एकाक्षरी, 'रॉबिन्स' द्व्यक्षरी. म्हणजे जुन्या जोडीचे वजन जसेच्या तसे राहिले. स्थानाची आठवण आद्याक्षरातच आहे. 'लेडीज चेन'च्या जागी 'रॉबिन्स चेन' म्हटले तरी पुकाऱ्याची लय मोडत नाही.

हा पर्याय काँट्रा डान्समध्ये यशस्वी का झाला, ह्याचे कारण त्या नृत्याच्या रचनेत आहे. त्यात प्रत्येक आवर्तनात बहुधा एकदा तरी 'स्विंग' येतो, म्हणजे दोघांनी परस्परांस धरून गिरकी घ्यावयाची असते. तिच्या अखेरीस एकाने डावीकडे व दुसऱ्याने उजवीकडे उघडावयाचे, हा नियम असल्याने नावातील 'डावे-उजवे' पुनःपुन्हा खरे ठरत राहते. स्थायी नाम आणि तात्कालिक स्थान ह्यांची गाठ तेथे वरचेवर पडते.

स्क्वेअर डान्समध्ये अशी हमी नाही. 'हाफ सॅशे'नंतर 'लार्क' उजवीकडे उभा असतो, आणि त्या अवस्थेत त्याला आणखी चार-सहा पुकारे पार पाडावे लागतात. ज्या आद्याक्षराने काँट्रात आठवण दिली, तेच येथे दिशाभूल करील. तेथे 'डावे-उजवे' सांगण्याचे काम 'बो' आणि 'बेल' करीतच आहेत. हवी आहे ती स्थानाचा कसलाही ध्वनी नसलेली नावांची जोडी. म्हणजे काँट्रामध्ये जो गुण, तोच स्क्वेअर डान्समध्ये दोष. एका नृत्यातील यशस्वी परिभाषा दुसऱ्यावर जशीच्या तशी लादू पाहणाऱ्यांनी ह्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

सहावा पर्याय नावांचा त्याग करण्याचा. इंग्लिश कंट्री डान्सच्या क्षेत्रात काही शिक्षकांनी केवळ स्थानावरून पुकारण्याची पद्धत विकसित केली. त्या नृत्यात पूर्वीपासून 'पहिले कोपरे' आणि 'दुसरे कोपरे' अशी संज्ञा आहे. पहिल्या जोडीतील पुरुष व दुसऱ्या जोडीतील स्त्री हे कर्णरेषेवरील दोघे पहिले कोपरे होत. जुन्या संज्ञेत दडलेली ही लिंगनिरपेक्षता विस्ताराने वापरणे हे सुंदर काम आहे. ज्या नृत्यात आकृती स्थिर व गती मंद, तेथे ते शोभते. जेथे जागा क्षणोक्षणी बदलतात आणि हालचाल भूमिकेवर अवलंबून असते, तेथे केवळ स्थानावरून पुकारणे पुकारकासही जड जाते.

६

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप परंपरेचा. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८२ मध्ये कायदा करून स्क्वेअर डान्सला १९८२ व १९८३ ह्या दोन वर्षांसाठी राष्ट्रीय लोकनृत्य म्हणून घोषित केले होते. अशा नृत्यात फेरफार करू नये, असे म्हणणारे आहेत. परंतु आज जे नृत्य परंपरागत म्हणून ओळखले जाते, त्याचे स्वरूप पुष्कळसे विसाव्या शतकात घडले. हेन्री फोर्ड यांनी १९२६ साली जुन्या नृत्यांचे पुस्तक काढून त्यांच्याबरोबर सभ्य स्त्रीपुरुषांच्या शिष्टाचाराचाही पुरस्कार केला. लॉइड शॉ यांचे 'काउबॉय डान्सेस' १९३९ मधले. आणि पुकाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण करणाऱ्या 'कॉलरलॅब' ह्या संस्थेचे पहिले अधिवेशन १९७४ मधले. ज्या परंपरेने एवढे बदल पचविले, तिला आणखी दोन शब्द पचणार नाहीत असे मानण्यास आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे नृत्य मुळात स्त्रीपुरुषांच्या भेटीचे आहे; त्यातील लडिवाळपणा, आर्जव आणि मर्यादा ह्यांना त्या भेटीवाचून अर्थ नाही, असे काहींस वाटते. ह्यात तथ्य आहे. चालीवर गाइल्या जाणाऱ्या पुकाऱ्यांत लोकप्रिय प्रेमगीतांच्या चाली आणि शब्द वापरले जातात. त्यांत नवे शब्द घातले की गीताचा सूर काही ठिकाणी उणा पडतो, हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. परंतु नाचणाऱ्यास मिळणारा आनंद केवळ त्या अर्थातून येतो काय? गिरकीची गोडी दोन देहांच्या तोललेल्या भारात आहे. आठ जणांनी विस्कटलेली आकृती शेवटच्या ठोक्यास पुन्हा मूळ जागी जमते, तेव्हाची धन्यता मेळाच्या पूर्णतेत आहे. ज्यांना त्या भेटीत स्त्रीपुरुषांची भेट पाहावयाची आहे त्यांना चंडोल आणि रॉबिन ही नावे अडवीत नाहीत. जुनी नावे मात्र इतरांस अडवितात.

तिसरा आक्षेप आम्ही मागे राखून ठेविला होता : शब्द झिजले आहेत, तर बदलावयाचे कशास? संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकांना ह्या युक्तिवादाचा पाया परिचित आहे. पत्नी ह्या एकाच अर्थाचे 'भार्या', 'दार' आणि 'कलत्र' हे तीन शब्द अनुक्रमे स्त्रीलिंगी, पुंलिंगी आणि नपुंसकलिंगी आहेत. लोकातील लिंग आणि शब्दाचे लिंग एक मानता येत नाही, ही चर्चा पतंजलीच्या महाभाष्यातही आहे. मग नृत्यातील 'पुरुष' हा शब्द 'दार' ह्या शब्दासारखा मानून पुढे का जाऊ नये?

उत्तर असे की, 'दार' हा शब्द कोणास हाक मारण्यासाठी वापरीत नाहीत. व्याकरणातील लिंग शब्दाच्या ठिकाणी असते; त्यामुळे ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याच्याकडून कोणतीही कबुली मागितली जात नाही. 'पुरुषांनो' ह्या हाकेस ओ देणे ही मात्र एक कबुली असते. सोबतीस पुरुष नाही म्हणून बहिणीबरोबर आलेली स्त्री ती हसत हसत देईल. पण जी व्यक्ती जन्मतः दिलेली ओळख मोठ्या कष्टाने मागे टाकून आली आहे, किंवा जी ह्या दोहोंपैकी कोणत्याही गटात स्वतःस गणीत नाही, तिच्याकडून संध्याकाळभर, अर्ध्या-अर्ध्या मिनिटास, तीच कबुली घेतली जाते. ती व्यक्ती तक्रार करीत नाही; पुढच्या आठवड्यास येत नाही, एवढेच. मंडळास तिची अनुपस्थिती जाणवण्याचेही कारण उरत नाही. ह्या वादात खरोखर पणास लागलेली गोष्ट ती आहे.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी वाटते. मराठीत क्रियापदास लिंग आहे. 'वळतो' आणि 'वळते' ह्यांतून सुटका नाही. परंतु आज्ञार्थात ते लिंग नाहीसे होते : 'वळा', 'हात द्या', 'मागे फिरा'. म्हणजे जेथे शब्द हुकूम होतो तेथे आपली भाषा ऐकणाऱ्यास तो कोण हे विचारीत नाही. उलट 'डावा' आणि 'उजवी' ही स्थानवाचक विशेषणे मात्र आपल्याकडे लिंग घेऊन येतात. तेथे इंग्रजीस जी सोय आहे ती आपणांस नाही. लिंगनिरपेक्षता ही सर्व भाषांत एकाच जागी सापडत नाही. प्रत्येक भाषेत ती शोधावी लागते. इंग्रजी पुकारकांनी ती पक्ष्यांच्या नावांत शोधली, ह्यात हसण्यासारखे काही नाही.

७

विवेचनाचा निष्कर्ष असा. भूमिकावाचक शब्दाने तीन गोष्टी साधाव्यात : तो अर्ध्या सेकंदात वेगळा ऐकू यावा, नृत्याच्या रचनेस त्याची जी गरज आहे — स्थायी भूमिकेची की तात्कालिक स्थानाची — ती त्याने भागवावी, आणि ऐकणाऱ्याकडून नृत्यास अनावश्यक अशी कोणतीही कबुली त्याने मागू नये. जुनी जोडी पहिल्या दोन कसोट्यांस पूर्ण उतरते, तिसरीस उतरत नाही. 'बँड्स-बेअर्स' पहिलीस अपुरी पडते. 'लीड-फॉलो' तिसरी अर्धीच पाळते. ती लिंगाची कबुली मागत नाही, पण नसलेल्या अधिकाराची मागते. 'लार्क्स-रॉबिन्स' काँट्रा डान्समध्ये तिन्ही कसोट्यांस उतरते. स्क्वेअर डान्समध्ये ती दुसऱ्या कसोटीपाशी अडखळते, आणि तेथे अधिक योग्य जोडीचा शोध चालू राहणे इष्ट आहे.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. हा सर्व विचार प्रयोगापुरता आहे, पाठापुरता नव्हे. प्लेफर्डची आवृत्ती किंवा शॉ यांचे पुस्तक पुन्हा छापताना त्यांतील शब्द बदलणे हा संपादकाचा अधिकार नाही. ते शब्द त्या काळाचा पुरावा आहेत आणि पुरावा जसाच्या तसा राहिला पाहिजे. पण सभागृहात उभा असलेला पुकारक ग्रंथ छापीत नसतो. त्याच्यासमोर आठ माणसे उभी असतात, आणि पुढच्या ठोक्याच्या आत त्यांना आपापली जागा कळावी लागते. त्यांतील प्रत्येकास ती निःसंकोचपणे घेता यावी, अशा शब्दांची निवड करणे हे त्याच्या कलेचेच एक काम आहे.